जन्मतः वेगळ्या बालकांचें संगोपन

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत केलेलें भाषण)



 ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, मंदिर कोणीं बांधलें, घंटा कोठून आली, पहिले बाप्तिस्मे केव्हां झाले, हें आठवावें, अशी रीत आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक माहितगार मंडळी ह्याच पुस्तिकेंत करीत आहेत. आम्हीं मात्र असा विषय घेतला आहे कीं जो उत्सवाच्या व्यासपीठावर सहसा येत नाहीं. कांहीं बालकें जन्मतःच इतरांहून वेगळीं असतात. त्यांच्या शरीराची किंवा बुद्धीची वाढ नेहमींच्या वाटेनें होत नाहीं. अशा बालकाला कसें वाढवावें, आणि त्याच्या आईबापांच्या पाठीशीं आपण कसें उभें राहावें, हा आजचा प्रश्न आहे.

उत्सवासाठीं जुन्या नोंदवह्या चाळून आंकडे काढण्याचें काम चाललें असतां एक गोष्ट नजरेस येते. बाप्तिस्म्याच्या वहींत कांहीं नांवें अशीं आहेत कीं तीं पुढें प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वहींत नाहींत, दृढीकरणाच्या वहींत नाहींत, लग्नाच्या वहींत नाहींत, आणि मृत्यूच्या वहींतहि नाहींत. कांहीं कुटुंबें पोटासाठीं पुण्यामुंबईस गेलीं, हें खरें. परंतु कांहीं नांवांचीं माणसें आजहि येथेंच, बारामतीच्या गल्लींत, इंदापूरच्या वस्तीवर, कालव्याकांठच्या एखाद्या घराच्या आंतल्या खोलींत आहेत. पाहुणे आले म्हणजे त्यांना आंत बसविलें जातें. भावाबहिणींच्या सोयरिकीची बोलणी चाललीं असतां त्यांचें नांवहि निघत नाहीं. ह्या बालकांविषयीं आम्ही बोलत आहों.

प्रथम हें काय आहे तें समजून घेऊं. आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशींत सूक्ष्म दोऱ्यांसारखीं गुणसूत्रें असतात. त्यांच्या तेवीस जोड्या, म्हणजे एकूण ४६. प्रत्येक जोडींतील एक आईकडून येतें व एक बापाकडून. ह्या सूत्रांवर आपल्या घडणीचा मजकूर लिहिलेला असतो. त्यांतील एखादें सूत्र कमी किंवा अधिक झालें, किंवा मजकुरांतील एखादें अक्षर चुकलें, तर शरीराची घडण बदलते, आणि ठराविक लक्षणें एकत्र दिसूं लागतात. अशा लक्षणसमूहास डॉक्टर सिंड्रोम म्हणतात.

हें ज्ञान जगाला ज्यांच्यामुळें लाभलें त्यांत एक आपलाच धर्मबंधु होता. ब्रनो येथील मठांत राहणारे धर्मगुरु ग्रेगोर मेंडेल यांनीं मठाच्या बागेंत वाटाण्याचीं रोपें वर्षानुवर्षें वाढविलीं. कोणता गुण पिढीतून पिढींत कसा उतरतो, कोणता दडून राहतो आणि पुन्हां केव्हां वर येतो, याचा हिशोब ठेविला. आणि १८६६ सालीं तो प्रसिद्ध केला. १८८४ सालीं ते वारले तोंवर त्याची किंमत जगाला कळली नव्हती; ती १९०० सालीं कळली. त्याच १८६६ सालीं इंग्लंडांत डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनीं एका विशिष्ट चेहरेपट्टीच्या व मंद वाढीच्या मुलांचें वर्णन लिहिलें, म्हणून त्या स्थितीस पुढें डाउन सिंड्रोम हें नांव पडलें. कारण मात्र कोणासच ठाऊक नव्हतें. तें १९५९ सालीं पॅरिस येथें उमगलें. डॉक्टर जेरोम लेजून, मार्थ गोतिये आणि रेमों त्युर्पें यांनीं दाखवून दिलें कीं ह्या मुलांच्या पेशींत एकविसाव्या जोडीच्या जागीं दोनाऐवजीं तीन गुणसूत्रें असतात. एकूण ४७. पेशी वाढवून पाहण्याचें अवघड काम गोतियेबाईंनीं केलें होतें. लेजून हे श्रद्धावान कॅथॉलिक होते. आपल्या शोधाचा उपयोग असें बालक जन्मापूर्वींच ओळखून तें नाहींसें करण्याकडे होऊं लागला, याचें दुःख त्यांस अखेरपर्यंत राहिलें. १९९४ च्या पुनरुत्थानाच्या रविवारीं ते वारले, आणि २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस पूजनीय म्हणून घोषित केलें.

डाउन सिंड्रोम हा तसा फार विरळ नाहीं. सुमारें सातशें ते हजार जन्मांत एक असें त्याचें प्रमाण आहे. परंतु ह्यासारखे हजारों दुसरे विकार असे आहेत कीं त्यांतील प्रत्येक अत्यंत विरळ. कोणाचे स्नायु वर्षागणिक दुबळे होत जातात. कोणाचें रक्त टिकत नाहीं. कोणाला कितीहि खाल्लें तरी भूक थांबत नाहीं. कोणी मुलगी दीड वर्षांपर्यंत नीट वाढते आणि मग शिकलेले शब्द विसरूं लागते. एकेक विकार विरळ असला तरी सर्व मिळून अशीं कुटुंबें थोडीं नाहींत. विरळ विकाराचें एक जादा दुःख असें कीं आईबापांना सांगायलाहि शब्द नसतो. पोलिओ म्हटलें तर गांवाला कळतें. ह्यांच्या बालकाच्या विकाराचें नांव घरींदारीं कोणालाच उच्चारतां येत नाहीं, आणि मग लोक आपल्या मनचें नांव ठेवितात.

आतां सर्वांत कडू प्रश्नाकडे येऊं. दोष कोणाचा? असें बालक जन्मलें कीं घरांत पहिली विचारणा हीच होते, आणि उत्तर बहुधा ठरलेलें असतें. "आमच्या घराण्यांत असें कधीं नव्हतें," असें सासू म्हणते, आणि सून समजून चुकते कीं बोट आपल्याकडे आहे. कोणी म्हणतात, ग्रहणांत हिनें विळी हातीं धरली. कोणी म्हणतात, कोणाची तरी हाय लागली. कोणी पूर्वजांचें पाप काढतात. आम्हांस असें एक घर ठाऊक आहे कीं जेथें सुनेला तान्ह्या लेंकरासह माहेरीं पाठविलें आणि तीन वर्षें तिची विचारपूस केली नाहीं.

बंधुभगिनींनो, ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्याला फार पूर्वीं मिळालेलें आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांध मनुष्याची कथा आहे. शिष्यांनींहि हेंच विचारलें होतें कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें. प्रभूनें दोन्ही पर्याय नाकारले, आणि त्या मनुष्याकडे पाप शोधण्याच्या दृष्टीनें पाहण्याचेंच बंद करविलें. जो प्रश्न प्रभूनें मोडीत काढला तो ख्रिस्ती घरांत पुन्हां विचारला जाऊं नये.

शास्त्रहि येथें वेगळें सांगत नाहीं. डाउन सिंड्रोमच्या शंभर बालकांपैकीं सुमारें पंचाण्णवांत तें जादा सूत्र बीज तयार होतांनाच्या एका आकस्मिक घटनेनें आलेलें असतें. तें घराण्यांतून आलेलें नसतें. मातेचें वय वाढत जातें तशी शक्यता वाढते हें खरें, परंतु तरुण मातांनाच मुलें अधिक होतात, म्हणून अशीं बहुतेक बालकें तरुण मातांच्याच पोटीं येतात. ग्रहण, विळी, नजर यांचा ह्याशीं कांहींएक संबंध नाहीं. दुसऱ्या कांहीं विकारांत आई व बाप दोघेहि स्वतः निरोगी असून दोघांकडेहि एकेक बिघडलेला गुण दडलेला असतो, मेंडेलच्या वाटाण्यांत दडलेला असे तसा. तेथें दोघांचा वांटा सारखाच. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक इतकी शक्यता असते; एक मूल आजारी झालें म्हणून पुढचीं तीन निरोगी होतीलच असें नाहीं, दर वेळीं फांसा नव्यानें पडतो. असें दडलेलें वैगुण्य आपणा प्रत्येकाच्या अंगीं कांहींना कांहीं असतेंच. म्हणून बोट दाखविणाऱ्यानें आपला हात जपून उचलावा.

येथेंच आपल्या भागांतील एका चालीबद्दल स्पष्ट बोललें पाहिजे. मामाची मुलगी करणें किंवा आत्याच्या घरीं मुलगी देणें ही रीत आपल्या पंचक्रोशींत आहे. जमीन घरांत राहते, माणसें ओळखीचीं असतात, हुंड्याची ओढाताण टळते. तिचीं कारणें आम्ही जाणतों. परंतु एकाच आजाआजीचे नातू-नाती परस्परांशीं विवाहबद्ध झाले तर दोघांकडे तोच दडलेला गुण असण्याचा संभव वाढतो. सामान्य जोडप्यांत गंभीर जन्मजात विकाराची शक्यता शंभरांत दोनतीन असते. सख्ख्या मामेआते भावंडांत ती साधारण दुप्पट होते. पुष्कळ अशीं जोडपीं निरोगी मुलांचीं आईबाप आहेत, त्यांस भिवविण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेंत, १०९१ व्या कलमानें, चुलत, मामे, आते व मावस भावंडांपर्यंतच्या विवाहास प्रतिबंध आहे. त्यांतून सूट मिळूं शकते, परंतु ती मागण्यापूर्वीं, विशेषतः घराण्यांत असें एखादें बालक असेल तर, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही आमची विनंती आहे.

आतां संगोपनाकडे वळूं. अशा मुलांना शिकवून काय उपयोग, असें म्हणणाऱ्यांना आम्ही मुंबईचें एक उदाहरण सांगतों. १९४४ सालीं, देश अद्यापि परतंत्र असतां, वकील नांवाच्या एका पारशी कुटुंबांत दीना ही डाउन सिंड्रोम असलेली कन्या होती. तिला घेईल अशी शाळा त्या एवढ्या नगरींत मिळेना. तेव्हां तिची आई जय वकील आणि वडील यांनीं आपल्या घरींच शाळेचा आरंभ केला. एका मुलीसाठीं उघडलेलें तें दार पुढें इतरांसाठींहि उघडें राहिलें, आणि आज शिवडी येथील जय वकील संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणांत देशांतील अग्रगण्य संस्थांत गणली जाते. शासनाच्या सहकार्यानें तिचा 'दिशा' अभ्यासक्रम राज्यांतील विशेष शाळांतहि पोहोंचला आहे. पुण्यांत कामायनी ही संस्था १९६४ पासून हेंच काम करीत आली आहे. ध्यानांत घ्या कीं १९४४ सालीं त्या विकाराचें कारण पृथ्वीवर कोणालाहि ठाऊक नव्हतें. लेजून यांच्या शोधाला अजून पंधरा वर्षें होतीं. कारण कळलें नाहीं म्हणून त्या मातेचें शिकवणें अडलें नाहीं.

दुसरें उदाहरण फ्रान्सचें. सेनापति आणि पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले शार्ल द गॉल यांची धाकटी कन्या आन हिचा जन्म १९२८ सालीं झाला. तिलाहि डाउन सिंड्रोम होता. त्या काळीं मोठीं घरें अशा मुलांना दूरच्या संस्थेंत ठेवून देत. द गॉल पतिपत्नींनीं आनला स्वतःजवळ वाढविलें, आणि इतरांशीं करडे असणारे ते सेनापति तिच्याशीं खेळत, गात. वीस वर्षांची होऊन ती १९४८ सालीं वारली. तत्पूर्वींच त्या दांपत्यानें निराधार अशा मुलींसाठीं तिच्या नांवें संस्था काढली होती. १९७० सालीं द गॉल वारले तेव्हां त्यांस गांवच्या साध्या दफनभूमींत कन्येच्या शेजारींच ठेवण्यांत आलें. ज्याच्या नांवाचा दबदबा जगभर होता त्यास ह्या लेंकीची लाज वाटली नाहीं. मग आपण पाहुण्यांपुढें दार कां लावून घ्यावें?

परंतु उदाहरणांनीं पोट भरत नाहीं. आईला उद्यां सकाळीं काय करावें तें सांगितलें पाहिजे. बालक डाउन सिंड्रोमचें असेल तर जन्मल्यावर लवकरच त्याच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण अशा बालकांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या हृदयांत कांहीं दोष असतो, आणि कांहीं छिद्रें पहिल्या वर्षांतच शस्त्रक्रियेनें बुजवावीं लागतात. वरून लेंकरूं गुटगुटीत दिसतें म्हणून स्वस्थ बसूं नये. थायरॉइडची तपासणी जन्मतः, मग सहा महिन्यांनीं, मग वर्षानें, आणि पुढें दर वर्षीं करावी. ती ग्रंथि मंद असली तर एका स्वस्त गोळीनें काम भागतें, आणि ती न दिल्यास आधींच मंद असलेली वाढ अधिक मंद होते. कान आणि डोळे तपासावेत; कित्येकदां मुलाला कळत नाहीं असें आपण म्हणतों, आणि खरी गोष्ट अशी असते कीं त्याला ऐकूं येत नाहीं.

अशा तान्ह्याचे स्नायु सैल असतात. तें अंगावर पितांना लवकर थकतें. आईनें मान व हनुवटी हातानें सांवरून, थोडें थोडें, पुष्कळ वेळां पाजावें. तिला घाई करूं नये, आणि "हिला दूधच नाहीं" असें कोणी म्हणूं नये. मालिश करून अंगाई गाणारी आजी येथें फार मोलाची. तिनें लेंकराला पालथें निजवून पुढें खुळखुळा धरावा, बसतें करावें, व्यायाम शिकविणाऱ्या तज्ज्ञानें दाखविलेल्या हालचाली रोज न्हाणींत करवून घ्याव्यात. हीं मुलें साधारण दोन वर्षांच्या सुमारास चालूं लागतात, कांहीं चौथ्या वर्षींहि. शेजारणीच्या लेंकराशीं तुलना करूं नये. गेल्या महिन्यांतल्या ह्याच्याशींच ह्याची तुलना करावी.

भाषा उशिरां येते, समज तिच्या आधीं येते. म्हणून बोलत नाहीं त्याच्याशींहि बोलत राहावें: ही भाकरी, हें पाणी, हा बाबांचा सदरा. शब्दाबरोबर हाताची खूण करावी. खुणेनें बोलणें खुंटत नाहीं, उलट त्याला वाट मिळते. कोणतेंहि काम शिकवितांना त्याचे बारीक तुकडे करावेत. सदरा घाल, असें म्हटल्यानें कांहीं होत नाहीं. आज एक बाही, आठ दिवसांनीं दुसरी, मग डोकें, मग गुंडी. शौच, आंघोळ, ताट उचलणें, अंथरूण घडी करणें, शेळीला पाला टाकणें, हीं कामें येतात. वेळ लागतो, पण येतात. आणि ज्याला घरांत एक काम आहे त्याला घरांत एक जागा आहे.

दया म्हणून त्याचे सर्व हट्ट पुरवूं नयेत. गोड खाऊन वजन वाढतें, वजनानें हृदय व सांधे दुखावतात. मारहाण तर कधींच करूं नये. मारानें भीति शिकतां येते, सदरा घालणें नाहीं. मुलगी वयांत येऊं लागली म्हणजे मासिक पाळीची स्वच्छताहि अशाच बारीक पायऱ्यांनीं आधींपासून शिकवावी. मुलगा असो वा मुलगी, कोणीं अंगाला हात लावला तर नाहीं म्हणणें आणि घरीं येऊन सांगणें, हें शिकवावें. कारण ज्यांना तक्रार करतां येत नाहीं त्यांच्यावरच दुष्टांची दृष्टि असते. घरांतील इतर भावंडांकडेहि लक्ष असावें. आईचा सर्व वेळ एकाकडे जातो, आणि शहाणें मूल न मागतां मागें सरतें. त्यालाहि दिवसांत थोडा वेळ आईबापांनीं एकट्याला द्यावा.

बापांशीं आम्हांस थोडें वेगळें बोलावयाचें आहे. पुष्कळ घरीं दवाखाना आईकडे, आणि बाप कारखान्याच्या पाळीचें निमित्त करून बाहेर. बाबांनो, बालकाला घेऊन तुम्ही स्वतः एस.टी.त बसा, डॉक्टरांसमोर तुम्ही स्वतः उभे राहा. बापानें लेंकरूं खांद्यावर घेऊन बाजारपेठेंतून नेलें तर गांवाचें तोंड आपोआप बंद होतें.

आतां साहाय्याविषयीं. आपण नीरेच्या कालव्याचीं माणसें आहों. कालव्यांत पाणी असूनहि दारें धरणारा कोणी नसेल तर वाफा कोरडाच राहतो, हें आपल्याला सांगावयास नको. योजनांचेंहि तसेंच आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व शाळेंत एकदां मुलांची तपासणी करतें. जन्मजात दोष सांपडल्यास पुढील उपचार व शस्त्रक्रियाहि ह्या कार्यक्रमांतून होतात. परंतु ज्या बालकाचें नांवच अंगणवाडींत घातलेलें नाहीं तें पथकाला कसें दिसणार? म्हणून नांव घाला. बारामतीचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून चालू आहे, इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे. पुण्याचा रस्ता धरण्यापूर्वीं तेथें चौकशी करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं आहेत, आणि ठराविक प्रमाणापुढील अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या किंवा विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठीं दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र व ओळखपत्र काढावें लागतें; तें लाजेचें चिन्ह नसून दारावरची कडी आहे. त्यानेंच एस.टी.ची सवलत मिळते, संजय गांधी निराधार योजनेसाठीं तहसील कचेरींत अर्ज करतां येतो, आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांस निरामय विमायोजनेंतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळूं शकतो.

कांहीं विकारांचीं औषधें मात्र अशीं महाग आहेत कीं ऐकूनच छाती दडपते. स्नायु दुबळे करणाऱ्या एका विकाराच्या औषधाची एक मात्रा सोळा कोटी रुपयांची. २०२१ सालीं पुणें-मुंबईकडील कांहीं तान्ह्यांसाठीं अनोळखी लोकांनीं रुपया रुपया करून एवढी वर्गणी जमविली. त्यांपैकीं एका बालिकेनें औषध मिळूनहि त्याच वर्षीं देह ठेविला. लोकांचें तें देणें आम्ही व्यर्थ मानीत नाहीं. तथापि सर्वांसाठीं असें होत नाहीं, हेंहि आईबापांस खरें खरें सांगितलें पाहिजे. त्याच वर्षीं केंद्रशासनानें विरळ रोगांविषयींचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें, आणि २०२२ पासून नेमलेल्या रुग्णालयांतून एका रुग्णास पन्नास लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. अशा रुग्णालयांत मुंबईचें के.ई.एम. आहे. ह्या रकमेनें आयुष्यभराचें औषध पुरत नाहीं, परंतु दार ठोठावल्याशिवाय तीहि मिळत नाहीं. आणि ज्या विकाराला औषधच नाहीं तेथें वेदना कमी करणें, श्वास सुलभ करणें, बालकाला कुशींत घेऊन बसणें, हेंहि उपचारच आहेत. कोणी ताईत, गंडे किंवा खात्रीचा काढा विकूं लागला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

शेवटीं तो प्रश्न, जो आईबाप दिवसा बोलत नाहींत आणि रात्रीं विसरत नाहींत: "आमच्या माघारीं ह्याचें काय?" पूर्वीं हा प्रश्न क्वचित् उद्भवे, कारण अशीं मुलें आईबापांच्या आधींच जात. आतां चांगल्या उपचारांनीं डाउन सिंड्रोमचीं माणसें पन्नास-साठ वर्षें जगतात. देवाच्या ह्या देणगीबरोबर जबाबदारीहि आली. अठरा वर्षें पूर्ण झालीं कीं आईबापसुद्धां कायद्यानें आपोआप पालक राहत नाहींत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून पालकत्व घ्यावें लागतें. हें काम आपण धडधाकट असतांच करावें. भावाबहिणींपैकीं कोण सांभाळणार हें गृहीत न धरतां विचारावें, त्यांच्या जोडीदारांसमक्ष विचारावें, आणि ठरेल तें कागदावर आणावें. एकाच सुनेच्या पदरांत सर्व भार टाकून बाकीच्यांनीं निश्चिंत होऊं नये. जमीन किंवा पैसा त्याच्या नांवें ठेवितांना वकिलाचा सल्ला घ्यावा, नाहींतर त्याच्या हिश्शाची वाटणी होते आणि त्याचीच अडगळ होते.

परंतु एकटें कुटुंब ह्या प्रश्नाला पुरें पडणार नाहीं. म्हणून ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आम्ही आपल्यापुढें चार कामें ठेवितों. पहिलें: प्रत्येक बालकाला त्याच्या बाप्तिस्म्याच्या नांवानें हांक मारावी, वेडा, मुका, खुळा हे शब्द आजपासून बंद. दुसरें: धर्मशिक्षणाच्या वर्गांत ह्या मुलांना बसवून घ्यावें. संत पोप पायस दहावे यांनीं १९१० सालीं लहान मुलांना प्रभुभोजनाचें दार उघडलें, तेव्हां त्या पवित्र भाकरीचा आणि नेहमींच्या भाकरीचा भेद ओळखण्यापुरती समज पुरे मानली. मोठमोठीं प्रश्नोत्तरें पाठ करविलीं नाहींत. वेदीकडे पाहून हात जोडणाऱ्या ह्या मुलांपैकीं कित्येकांना तो भेद कळतो. मिस्सेच्या वेळीं एखादें मूल ओरडलें तर मागें वळून पाहूं नये. तेंहि त्या घरचेंच लेंकरूं आहे. तिसरें: ज्या आईला वर्षानुवर्षें सुटी नाहीं तिच्या घरीं शेजारणीनें आठवड्यांतून दोन तास बसावें, म्हणजे तिला बाजार करतां येईल, किंवा नुसतें झोपतां येईल. चौथें: आपल्या तरुणांपैकीं ज्यांस अर्ज भरतां येतात, संगणक येतो, त्यांनीं अशा आईबापांबरोबर रुग्णालयांत व तहसील कचेरींत जावें. ह्या चार कामांना पैसा लागत नाहीं. थोडी लाज सोडावी लागते आणि थोडा वेळ द्यावा लागतो.

मातांनो, तुमच्या पोटचें लेंकरूं म्हणजे कोणाची शिक्षा नव्हे. आणि लोक गोड बोलून म्हणतात तसा तो केवळ देवदूतहि नव्हे, कारण देवदूताला भूक लागत नाहीं, ताप येत नाहीं, आणि त्याचे कपडे कोणाला धुवावे लागत नाहींत. तो मनुष्य आहे, तुमच्यासारखा आणि आमच्यासारखा, आणि मनुष्याला जें जें लागतें तें सर्व त्याला लागतें. तें पुरविण्याचें बळ परमेश्वर तुम्हांस देवो, आणि तुमच्या घरापर्यंत चालत येण्याची बुद्धि तो आम्हां सर्वांस देवो. पुढच्या रविवारीं त्यांना घेऊन या. पुढच्या बांकावर जागा ठेविली आहे.